परतीचा प्रवाह

उंदराच्या मेंदूतल्या एका चेतापेशीवर दोन इलेक्ट्रोड रोखलेले आहेत. पहिला काचेचा आहे: तापवून ओढलेली, क्षाराच्या द्रावणाने भरलेली नळी, टोक एका मायक्रोमीटरहूनही बारीक. हे टोक पटल भेदून पेशीच्या आत शिरलेलं आहे. दुसरा इलेक्ट्रोड धातूचा. तो पेशीला शिवतही नाही. वीस-तीस मायक्रोमीटर दूर, बाहेरच्या द्रवात थांबलेला आहे. दोघांच्या नोंदी एकाच पडद्यावर, एकीखाली एक उमटताहेत.

पेशी आवेग सोडते. आतल्या इलेक्ट्रोडची रेघ उणे 65 मिलिव्होल्टवरून उसळून अधिक 30च्या आसपास जाते आणि मिलिसेकंदभरात खाली येते. म्हणजे जवळपास 100 मिलिव्होल्टची उसळी. बाहेरच्या इलेक्ट्रोडवरही त्याच वेळी काहीतरी उमटतं, पण ते जेमतेम 100 मायक्रोव्होल्टचं, आतल्याचा हजारावा भाग. शिवाय ते उलटं असतं. आतली रेघ वर चढत असते तेव्हा बाहेरची खाली जाते, आणि आतली शिखरावर पोचते तोवर बाहेरची तळ गाठून परत फिरलेली असते.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटाने 2000 साली उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा जोडनोंदी घेतल्या. पेशी तीच, क्षण तोच, तरीही आत आणि बाहेर दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. जिवंत, जागा, हिंडता-फिरता मेंदू काय करतो याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या दुसऱ्या, बाहेर थांबलेल्या इलेक्ट्रोडकडून कळलेलं आहे. इस्पितळातला ईईजी तर त्याहूनही दूरचा, कवटीपलीकडून ऐकणारा. तेव्हा बाहेर जे उमटतं ते नेमकं काय असतं, हे समजून घेतल्याशिवाय मेंदूच्या कुठल्याच आलेखावर बोलण्यात अर्थ नाही.

सुरुवात पटलापासून करू. पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुपदरी थर, जाडी चार-पाच नॅनोमीटर. पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट दाट, तर सोडियमचे आयन बाहेर आतल्यापेक्षा दहापट किंवा त्याहून दाट. हा असमतोल आपोआप टिकत नाही. पटलात बसवलेलं, पंपासारखं एक प्रथिन त्यासाठी अखंड राबत असतं: दर खेपेला तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे आणि एटीपीचा एक रेणू खर्ची घालायचा. डेन्मार्कचे येन्स स्को यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना हे प्रथिन शोधलं. त्याचं नोबेल त्यांना चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये मिळालं. पेशी स्वस्थ असताना पटलातून थोडं पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, मागे ऋणभार उरतो, आणि आतली बाजू बाहेरच्या तुलनेत 65 ते 70 मिलिव्होल्टने खाली राहते.

70 मिलिव्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ते अवघ्या चार-पाच नॅनोमीटरमध्ये पडलेले असतात. मीटरमागे हिशेब केला तर हा आकडा दीड कोटी व्होल्टच्या घरात जातो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे तीस लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे आपल्या शरीरातली प्रत्येक चेतापेशी अशा ताणाखाली जन्मभर उभी असते, आणि तो ताण क्षणभर सोडून देणं हेच तिचं बोलणं.

दुसऱ्या पेशींकडून आलेल्या संदेशांची बेरीज होऊन पटलाचं व्होल्टेज एका उंबरठ्यापलीकडे गेलं, की अक्षतंतूच्या, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या, उगमापाशी दाटीने बसलेले सोडियमचे मार्ग उघडतात. सोडियम आत घुसतो. त्यामुळे व्होल्टेज आणखी चढतं, त्यामुळे आणखी मार्ग उघडतात. मिलिसेकंदाच्या आत हे मार्ग स्वतःच बंद पडतात, पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि पटल पूर्वपदावर येतं. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी हे गणित स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकुलाच्या, महाकाय अक्षतंतूवर मांडलं. हा तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, त्यात तार सरकवता येते. 1939 मध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत त्यांनी आत इलेक्ट्रोड सरकवून आवेग आतून मोजला, मग महायुद्ध आलं, आणि समीकरणं 1952 मध्ये पुरी झाली. या सगळ्या उलथापालथीला किती आयन लागतात? पटलाच्या एका चौरस मायक्रोमीटरमागे साधारण सहा हजार सोडियम आयन आत आले तरी 100 मिलिव्होल्टचा बदल घडून येतो. पेशीतल्या एकूण साठ्याच्या मानाने हे काहीच नाही. म्हणूनच पंप क्षणभर थांबला तरी पेशी लगेच गप्प होत नाही.

शालेय पुस्तकातली आकृती इथे संपते, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच सुरू होतो. आतलं व्होल्टेज पटलातून पाझरून बाहेर येतं, हजारपट क्षीण होऊन का होईना, अशी समजूत सहज होते. ती चूक आहे. तसं असतं तर बाहेरची रेघ आतल्या रेघेची लहान प्रत असती. उलटी आणि वेळेआधी संपणारी नसती.

विद्युतप्रवाहाला फेरा पुरा करावाच लागतो. सोडियम पटलाच्या एका तुकड्यातून आत शिरतो, तो धनभार पेशीच्या आतून शेजारच्या भागाकडे, वृक्षिकांकडे (संदेश घेणाऱ्या फांद्यांकडे) किंवा अक्षतंतूकडे पसरतो. तिथे पटलाच्या आतल्या बाजूवर भार साचला की बाहेरच्या बाजूवरून तेवढाच भार सुटतो, काही पटलातल्या मार्गांमधूनही निसटतो. हा बाहेर पडलेला प्रवाह मग पेशीभोवतीच्या खारट द्रवातून सोडियम शिरत असलेल्या तुकड्याकडे परततो. बाहेरचा इलेक्ट्रोड मोजतो तो या परतीच्या प्रवाहाने द्रवात पाडलेला उतार.

विहिरीवर मोटर सुरू केली की भोवतालची भूजलपातळी खाली ओढली जाते. विहिरीपाशी सर्वात खोल, लांब जावं तशी उथळ. शेजारच्या वावरातल्या बोअरमध्ये पातळी मोजत बसलेल्या माणसाला मोटर न पाहताही ती कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली हे कळतं. सोडियम आत ओढणारा पटलाचा तुकडा ही ती विहीर. तिच्याजवळ बाहेरचं व्होल्टेज खाली जातं, म्हणून आलेख उलटा. उपसलेलं पाणी पाटाने नेऊन शिवाराच्या दुसऱ्या टोकाला मुरवलं तर तिथली पातळी मात्र वर चढते. वृक्षिकेच्या दूरच्या टोकाजवळ इलेक्ट्रोड ठेवला तर नेमकं असंच दिसतं: तोच आवेग, पण तिथे सुरुवातीला वर गेलेला. बोअरमधली पातळी विहिरीत किती पाणी आहे हे सांगत नाही, उपसा किती जोरात चालू आहे हे सांगते. बाहेरच्या इलेक्ट्रोडचंही तेच. आतलं व्होल्टेज जेव्हा सर्वात वेगाने चढत असतं तेव्हा बाहेरची रेघ तळाला असते. आतलं शिखरावर टेकतं तेव्हा बाहेर फारसं काही उरलेलं नसतं.

आणि उपसलेलं पाणी जागच्या जागीच मुरवलं तर? पातळी हलणारच नाही. हा मुद्दा मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. एक पूर्ण गोल पेशी कल्पा, जिच्या पटलाचा प्रत्येक कण एकाच क्षणी एकसारखा वागतो. सोडियम सर्वत्र सारखाच आत येतो, आणि प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या बाजूवरून तेवढाच भार सुटतो. आत 100 मिलिव्होल्टची उसळी होईल आणि बाहेर शून्य. पेशी पूर्ण जोराने आवेग सोडते आहे, पण शेजारच्या इलेक्ट्रोडला त्याचा पत्ता नाही. म्हणजे बाहेर काही उमटायचं असेल तर पेशीचा एक भाग दुसऱ्या भागापेक्षा वेगळा वागायला हवा, दोघांमध्ये अंतर हवं. चेतापेशी बाहेर ऐकू येते ती तिच्या लांबट, फांद्याफांद्यांच्या देहामुळे.

आता आकड्यांकडे. मेंदूच्या आकारमानाचा सुमारे पाचवा भाग पेशींमधल्या फटींचा आहे आणि त्यात खारट द्रव आहे. या माध्यमाचा रोध अगदी कमी, म्हणून परतीच्या प्रवाहाने पडणारा उतारही बेताचा. समजा एका बिंदूत 5 नॅनोअँपिअर प्रवाह शिरतो आहे. हिशेब केला तर 20 मायक्रोमीटरवर साधारण 65 मायक्रोव्होल्ट मिळतात आणि 100 मायक्रोमीटरवर 13. प्रत्यक्षात परतणारा प्रवाह जवळच्याच पटलातून निघत असल्याने दोन्ही परिणाम एकमेकांना खोडत जातात आणि संकेत याहून झपाट्याने विरतो. इलेक्ट्रोडचा स्वतःचा गोंगाटच पाच-दहा मायक्रोव्होल्टचा. बुझाकींच्या गटाला पेशीपासून 50 मायक्रोमीटरच्या आत 60 मायक्रोव्होल्टहून मोठे आवेग मिळाले, आणि 140 मायक्रोमीटरपलीकडे ते गोंगाटात बुडाले. ही अंतरं ध्यानात ठेवावीत, पुढे ती पुन्हा लागणार आहेत.

एवढा क्षीण संकेत ऐकायचा कसा, हा प्रश्न रेडिओने सोडवला. 1875 मध्ये लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर विद्युतप्रवाह दिसतात असं जाहीर केलं होतं, पण त्यांच्यापाशी साधा गॅल्व्हनोमीटर होता. मिलिसेकंदाची घटना त्यात सापडणं शक्य नव्हतं. 1920च्या दशकात केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन यांच्या हाती रेडिओतल्या व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आले. स्वीडनचे इंग्वे झॉटरमन यांच्यासोबत त्यांनी बेडकाच्या स्नायूतली नस कातरत कातरत जवळपास एका तंतूवर आणली आणि स्नायूला वजन टांगलं. वजन वाढवलं तसे आवेग दाट येऊ लागले, पण प्रत्येक आवेगाचा आकार तोच राहिला. चेतापेशी मोठ्याने बोलून जोर दाखवत नाही, भरभर बोलून दाखवते, हे तेव्हा कळलं. 1932 मध्ये एड्रियन यांना शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

एड्रियन आपल्या ॲम्प्लिफायरला लाउडस्पीकर जोडत. एकदा त्यांनी एका टोडच्या डोळ्याच्या नसेवर इलेक्ट्रोड लावून ठेवले होते. खोलीत जवळजवळ काळोख. दृष्टिपटलावरचे दुसरेच प्रयोग चालू होते. लाउडस्पीकरमधून मधूनच तडतड येत होती, आणि ती का येते ते त्यांना कळेना. मग त्यांनी तो आवाज आणि खोलीतली स्वतःची हालचाल ताडून पाहिली. ते टोडच्या दृष्टीच्या टप्प्यात होते. ते हलले की त्याचा डोळा ते मेंदूला कळवत होता. एक प्राणी आपल्याला पाहतो आहे हे त्याच्या नसेवरून ऐकू येणं, हा अनुभव तोवर क्वचितच कुणाला आला असेल.

आवेग कानांनी ऐकायची ही पद्धत पुढे टिकली. 1957 मध्ये डेव्हिड ह्युबेल यांनी टंगस्टनची तार विजेच्या साहाय्याने टोकदार करून तिच्यावर विद्युतरोधक लेप चढवला. हा इलेक्ट्रोड मेंदूत मायक्रोमीटर-मायक्रोमीटरने उतरवताना आधी नुसती खरखर ऐकू येते, दूरच्या शेकडो पेशींची सरमिसळ. मग एखादा टकटक आवाज तिच्यातून वर येतो. स्क्रू किंचित फिरवला की तो स्पष्ट होतो, आणखी फिरवला की पेशी मागे पडते किंवा टोक तिच्यात घुसून ती मरते. याच इलेक्ट्रोडने ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या मेंदूत ठरावीक कलाच्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी शोधल्या. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदीर ठरावीक जागी आला की बोलणाऱ्या पेशी सापडल्या, त्याही बाहेरूनच. पुढे चार बारीक तारा एकत्र पिळून उतरवण्याची पद्धत आली. एकच आवेग चारही तारांवर वेगवेगळ्या उंचीचा उमटतो, कारण प्रत्येकीचं पेशीपासूनचं अंतर वेगळं. त्यावरून कोणता आवेग कोणत्या पेशीचा हे निवडता येतं. 2017 मध्ये आलेल्या न्यूरोपिक्सेल्स या सिलिकॉनच्या सुईवर 960 जागा आहेत आणि त्यांतल्या 384 एकाच वेळी नोंद घेतात.

एवढं असूनही एक हिशेब जुळत नाही. उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोडभोवती 140 मायक्रोमीटर त्रिज्येचा दंडगोल धरला तर त्यात हजारेक पेशी असतात. त्यांतल्या हाती लागतात मूठभर. बाकीच्या कुठे जातात? काही क्वचितच बोलतात, आणि संशोधक स्वभावतःच बोलक्या पेशीपाशी इलेक्ट्रोड थांबवतो. 2006 साली शाय शोहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट विचारला: खगोलशास्त्रातल्या कृष्णद्रव्यासारखा मेंदूतही न दिसणारा मोठा भाग आहे का? दुसरं कारण पेशीच्या आकाराचं. मोठ्या देहाच्या, लांब वृक्षिकेच्या पेशी दूरवर ऐकू येतात. अनुमस्तिष्कातल्या कणपेशी मात्र इवल्याशा, आखूड फांद्यांच्या. त्यांचा परतीचा प्रवाह अंगालगतच जिरतो. ब्राझीलमध्ये सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने 2009 मध्ये माणसाच्या मेंदूत सरासरी 86 अब्ज चेतापेशी मोजल्या. त्यांतल्या 69 अब्ज अनुमस्तिष्कात आहेत, आणि तिथल्या बहुसंख्य याच कणपेशी. म्हणजे डोक्यातल्या बहुतेक चेतापेशी अशा आहेत, की ज्यांचा आवेग बाहेरच्या इलेक्ट्रोडवर पकडणं अतिशय अवघड. मेंदूविषयीचं आपलं ज्ञान ठणठणीत आवाजाच्या पेशींकडे झुकलेलं आहे, हे प्रत्येक आलेख पाहताना लक्षात असायला हवं.

मग कवटीबाहेरून, सेंटिमीटरभर किंवा त्याहून दुरून, ईईजीला काय ऐकू येतं? 140 मायक्रोमीटरवर बुडणारा आवेग तर नक्कीच नाही. मिलिसेकंदाच्या आवेगांची बेरीज होणं कठीण असतं; दोन पेशी जराशा मागेपुढे झाल्या की एकीचा खड्डा आणि दुसरीचा उंचवटा एकमेकांना मिटवतात. बेरीज होते ती संथ संकेतांची. एका पेशीचा संदेश दुसरीच्या वृक्षिकेवर पोचला की तिथे दहापासून शंभरेक मिलिसेकंद प्रवाह आत वाहत राहतो, आणि वृक्षिकेच्या दुसऱ्या टोकातून परततो. प्रमस्तिष्काच्या सालीत पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी आहेत. त्यांच्या मुख्य वृक्षिका सालीच्या पृष्ठभागाकडे, एकमेकींना समांतर उभ्या असतात. हजारो, लाखो पेशींमध्ये प्रवाह एकाच दिशेने वर-खाली झाला की परतीचे प्रवाह एकमेकांत मिळतात आणि कवटी पार करण्याइतके मोठे होतात. ज्या पेशींच्या वृक्षिका चहूबाजूंनी सारख्या पसरलेल्या असतात, त्यांचे प्रवाह दूरवरून पाहता एकमेकांना खोडतात. चेताशास्त्रज्ञ राफाएल लोरेन्ते दे नो यांनी 1947 मध्ये या दोन रचनांना खुलं आणि बंद क्षेत्र म्हटलं. ती विभागणी आजही वापरात आहे.

खुल्या क्षेत्राची ताकद पाहायची तर दक्षिण अमेरिकेतला विद्युत ईल पाहावा. त्याच्या अंगात स्नायूपेशींपासून घडलेल्या चपट्या पेशींच्या हजारो चकत्या ओळीने रचलेल्या असतात. प्रत्येक चकतीची एकच बाजू आवेग सोडते, दुसरी शांत राहते. म्हणून प्रत्येकीचं एक-दीड दशांश व्होल्ट पुढच्या चकतीत मिळतं. 2019 मध्ये एका जातीच्या ईलवर 860 व्होल्ट मोजले गेले. आयन तेच, पंप तोच. फरक केवळ रचनेचा.

माणसाच्या डोक्यावर मात्र हाती येतात वीस ते शंभर मायक्रोव्होल्ट, आणि तेही सालीचा साधारण सहा चौरस सेंटिमीटरचा पट्टा एका तालात आला तर. जर्मनीत येना इथले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये ते प्रथम टिपले आणि 1929 मध्ये छापले. मन आणि शरीर यांच्यातली ऊर्जा मोजता येईल अशी त्यांची धारणा होती. सेकंदाला दहाएक आंदोलनांचा ताल त्यांना डोळे मिटलेल्या माणसात दिसला. डोळे उघडले की तो मावळायचा. एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी 1934 मध्ये तो पडताळून दाखवेपर्यंत फारसं कुणी ते मनावर घेतलं नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही इस्पितळात ईईजीच्या खोलीत थोडा वेळ बसलं तर ही सगळी भौतिकी समोर चालू असते. आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं: केस धुऊन या, तेल लावू नका. तेलाचा थर प्रवाहाच्या वाटेत येतो. तंत्रज्ञ टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर घेते, त्याचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडून खुणा करते. खुणेवरची मृत त्वचा खरखरीत पेस्टने घासते, मग क्षारयुक्त पेस्ट लावून एकवीस इलेक्ट्रोड चिकटवते. मशीन सुरू होतं. ‘काका, दात आवळू नका. जबडा सैल सोडा.’ जबड्याचा स्नायू ताणला की त्याचे संकेत मेंदूच्या संकेतांना सहज गिळून टाकतात. पापणी लवली तरी कपाळावरच्या रेघा उडतात, कारण नेत्रगोल स्वतःच एक लहानसा विद्युत द्विध्रुव आहे. भिंतीतल्या तारांतले 230 व्होल्ट सेकंदाला पन्नास हेलकावे घेत असतात. ते खोडायला मशीन नेहमी दोन बिंदूंमधला फरकच घेतं, दोन्हींवर सारखं असलेलं काढून टाकतं. ‘आता डोळे मिटा.’ डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांवर दहाचा ताल हळूहळू भरून येतो. ‘उघडा.’ तो पुसला जातो.

ताल भरून येतो म्हणजे पेशी जास्त काम करू लागल्या असं नाही. त्या एका तालात आल्या एवढंच. डोळे उघडल्यावर प्रत्येक गट आपापल्या कामाला लागतो, बेरीज मोडते आणि रेघ सपाट होते. हे ध्यानात घेतलं तर ईईजीकडून काय मागावं आणि काय मागू नये हे कळतं. फेफऱ्याच्या झटक्यात लाखो पेशी एकदम एका तालात येतात, म्हणून तिथे ईईजीला तोड नाही. पण कपाळावर पट्टी बांधून मुलाची बुद्धी किंवा मनातला विचार वाचून देतो असं म्हणणाऱ्यांच्या हाती बहुतेकदा पापणी आणि कपाळाचे स्नायू लागलेले असतात. मेंदू रेडिओ केंद्रासारखा लहरी प्रक्षेपित करतो हा समजही सोडून द्यावा. सेकंदाला दहा आंदोलनांच्या विद्युतचुंबकीय लहरीची लांबी तीस हजार किलोमीटर होईल. डोक्यातून काहीही फेकलं जात नाही; प्रवाह खारट ऊतींतून, हाडातून आणि त्वचेतून वाहत येतो आणि पेस्टखालच्या धातूपाशी मोजला जातो.

आवेग कवटीबाहेर कधीच दिसत नाहीत का? एका ठिकाणी दिसतात, आणि ती तपासणी आता घरोघरी माहीत आहे: तान्ह्या बाळांची बेरा टेस्ट. बाळ झोपलेलं असतं, कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड, कानात ‘टिक, टिक’. प्रत्येक टिकेसरशी श्रवणचेतेतले हजारो तंतू जवळपास एकाच क्षणी आवेग सोडतात आणि तो जथा मस्तिष्कस्तंभातून ठरावीक वेळाने वर चढतो. पहिल्या दहा मिलिसेकंदांत लाटांची एक ओळ मिळते, प्रत्येक एका मायक्रोव्होल्टहूनही लहान. गोंगाट तिच्या कितीतरी पट. पण टिक दोन हजार वेळा वाजवून नोंदींची सरासरी काढली की यादृच्छिक गोंगाट सुमारे पंचेचाळीसपट कमी होतो आणि लाटा तशाच उरतात. बाळ हसलं नाही, वळलं नाही, तरी त्याच्या कानातून संदेश निघाला आणि वर पोचला हे कळतं. मला तरी या साऱ्या शास्त्राचा यापेक्षा मोलाचा उपयोग माहीत नाही, कारण बहिरेपण पहिल्या महिन्यांत कळलं तर मूल बोलायला शिकू शकतं.

परतीचा प्रवाह टाळून थेट पेशीच्या आतला प्रवाह पाहायचीही एक वाट आहे. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. डेव्हिड कोहेन यांनी 1968 मध्ये डोक्याबाहेर ते मोजलं. हे क्षेत्र मुख्यतः वृक्षिकेच्या आतल्या प्रवाहाचं असतं, आणि कवटीच्या रोधाने ते फिसकटत नाही. पण त्याची ताकद पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कित्येक कोटी पटींनी कमी, त्यामुळे खास कवच असलेली खोली लागते.

मेंदूतच इलेक्ट्रोड ठेवून हातपाय हलू न शकणाऱ्या माणसाला संगणक चालवू द्यायचा, या प्रयत्नात मायक्रोमीटरची ती जुनी अंतरं पुन्हा आडवी येतात. 2004 मध्ये अमेरिकेत मॅथ्यू नेगल या मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूत 96 इलेक्ट्रोडची चार मिलिमीटर चौरस पट्टी बसवली गेली आणि त्याने मनातल्या मनात हात हलवून पडद्यावरचा बाण हलवला. पण कडक सुयांभोवती काही महिन्यांत आधारपेशींचा व्रण साचतो, चेतापेशी टोकापासून थोड्या मागे सरतात. 50 मायक्रोमीटरचं अंतर 150 झालं तर जिवंत, बोलती पेशीही नोंदीतून नाहीशी होते. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक कंपनीने एका रुग्णाच्या मेंदूत केसाहून बारीक, लवचीक धाग्यांवरचे 1,024 इलेक्ट्रोड बसवले. काही आठवड्यांत बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि उपयोगी इलेक्ट्रोडची संख्या घटली, असं कंपनीनेच त्या वर्षी मे महिन्यात सांगितलं. शस्त्रक्रिया पुन्हा न करता त्यांनी नोंदी वाचण्याचं गणित बदललं: एकेका पेशीचा आवेग वेगळा काढण्याऐवजी इलेक्ट्रोडभोवतीच्या पेशीसमूहाच्या एकत्रित संकेताला जास्त वजन दिलं. रुग्णाचा पडद्यावरचा बाण पुन्हा चालू लागला, आधीपेक्षा वेगाने.